चारठाण्याचे दगड आणि घरातले किडूकमिडूक

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे ते यादवकाळाच्या आसपासच्या मंदिरांमुळे. गोकुळेश्वराचे मंदिर, नृसिंहतीर्थाची बारव आणि गावात उभा असलेला नक्षीदार दगडी स्तंभ हे सारे शतकानुशतके ऊनपाऊस सोसत टिकले आहे. त्याच गावातील, किंबहुना मराठवाड्यातील कोणत्याही गावातील, शंभर वर्षांपूर्वीची घरगुती वस्तू शोधू गेल्यास मात्र हाती फारसे लागत नाही. ‘आजीची बोरमाळ होती, पण मोडली’, ‘तांब्याचे घंगाळ होते, ते मोडीत दिले’ अशी वाक्ये घराघरांत ऐकू येतात. ऐकणाऱ्याला ती एकेका कुटुंबाची हळहळ वाटते. प्रत्यक्षात त्या हळहळीला सनावळी आहे.

मराठीत दागिना सहसा ‘विकत’ नाहीत, ‘मोडतात’. क्रियापद नेमके आहे. सराफाच्या तराजूत पडल्यावर घडणावळ शून्य होते, घट कापली जाते आणि उरलेल्या वजनाचा भाव हाती पडतो. वस्तू कोणाची, कोणी दिली, कोणत्या प्रसंगी, हे त्या हिशेबात बसत नाही.

पहिली लाट निजामी राजवट संपल्यानंतरची. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थानाचे विलीनीकरण झाले, तरी संस्थानचा ‘हाली’ रुपया लगेच गेला नाही. १९५० पासून सात हाली रुपये म्हणजे सहा भारतीय रुपये असा दर ठरला आणि १९५९ मध्ये हाली चलन पूर्णपणे बाद झाले. चारमिनाराचे चित्र असलेला हा रुपया सुमारे ११.२ ग्रॅम वजनाचा, त्यात ८० टक्क्यांहून थोडी अधिक चांदी. नाण्याला कडी लावून गळ्यात ओवण्याची चाल या भागात जुनी. बंजारा स्त्रियांच्या अंगावर नाण्यांचे दागिने आजही दिसतात. चलन म्हणून मेलेले नाणे एक तर माळेत राहिले, नाही तर चांदीच्या भावाने आटणीत गेले.

दुसरी लाट देशासाठीची. १९६२ च्या चीन युद्धात राष्ट्रीय संरक्षण निधी उभा राहिला आणि देशभरच्या स्त्रियांनी अंगावरचे सोने उतरवून दिले. इंदिरा गांधींनीही आपले दागिने दिले होते. यशवंतराव चव्हाण त्याच नोव्हेंबरात संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले, त्यामुळे महाराष्ट्राला त्या आवाहनात आपलेपणाचाही भाग वाटला असणार. त्या दानाबद्दल पुढे कोणी उघड पश्चात्ताप करणे शक्यच नव्हते. देशासाठी दिलेल्या पाटल्यांची आठवण काढून उसासा टाकणे शोभणारे नव्हते, आणि म्हणून ती आठवण बहुधा न बोलताच राहिली.

पाठोपाठ जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण आले. नवा दागिना १४ कॅरटपेक्षा अधिक शुद्धतेचा घडवायचा नाही, असा नियम अर्थमंत्री मोरारजी देसाई यांच्या काळात झाला. तो १९६६ पर्यंत टिकला. सोन्यावरचे व्यापक निर्बंध १९९० पर्यंत. तेवढ्या काळात जुने, शुद्ध सोन्याचे दागिने हीच मोठी पुंजी ठरली. अडचणीच्या वेळी पहिला हात तिच्यावरच पडणे स्वाभाविक होते.

याच संदर्भात समाजमाध्यमांवर वारंवार फिरणारी एक कथा तपासण्याजोगी आहे. १९६५ मध्ये सातव्या निजामाने ५००० किलो सोने देशाला दान केले, अशी ती कथा. वस्तुतः ते ४२५ किलो होते आणि दान नव्हते. साडेसहा टक्के व्याजाच्या सुवर्णरोख्यांतील ती गुंतवणूक होती. त्यात जुन्या मोहरा होत्या, आणि त्या वितळवू नयेत, कारण त्यांचे मोल धातूपेक्षा अधिक आहे, असा विचार पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी मांडल्याचे तेव्हाच्या वृत्तपत्रांत आले होते. राजाच्या मोहरेकडे नाणे म्हणून पाहणारा कोणी तरी होता. गावच्या सराफाकडे आलेल्या पुतळ्यांच्या माळेला तो भेटला नाही.

तिसरी लाट सर्वांत क्रूर. १९७२ च्या दुष्काळाआधीच्या दोन वर्षांतही पावसाने दगा दिला होता. मराठवाड्यातील माणसे खडी फोडायला, पाझर तलावांच्या आणि रस्त्यांच्या कामांवर गेली. लाल मिलो ज्वारी आणि सुकडी खाऊन जगली. आधी जनावरे गेली, मग चांदीचे तोडे, वाळे, कडदोरे, आणि शेवटी भांडी. गहाण टाकलेली वस्तू सोडवून आणू, असे म्हणतच माणूस सावकाराच्या ओट्यावरून उतरत असे. विकलेल्या वस्तूचे दुःख एकदाच होते. गहाण बुडालेल्या वस्तूचे व्याजासारखे वाढत जाते.

योगायोग असा, की पुरावशेष व कलानिधी कायदा संसदेने याच १९७२ मध्ये केला. त्यानुसार साधारणतः शंभर वर्षांहून जुनी वस्तू ‘पुरावशेष’ ठरते. चारठाण्याच्या एखाद्या भग्न मूर्तीला त्यामुळे संरक्षण मिळाले. १९०० सालच्या लग्नातला हंडा तेव्हा बहात्तर वर्षांचा होता. कायद्याच्या लेखी तो अजून जुना झालाच नव्हता.

जे दुष्काळाने नेले नाही ते सुबत्तेने नेले. स्टेनलेस स्टील आले. त्याला कल्हई नको, चिंच-राखेने घासणे नको. तांब्या-पितळेचा वापर संपला आणि वजन उरले. दारावर येणाऱ्या बोहारणीकडे जुन्या कपड्यांच्या बदल्यात स्टीलचे पातेले मिळू लागले. खऱ्या जरीच्या पैठण्यांची गत याहून वाईट झाली. काठपदर जाळून त्यातली चांदी काढणारे धंदेवाईक होते. साडी राख होई, चांदीचा गोळा उरे.

या साऱ्यात इतिहासाचे नुकसान कुठे झाले, हे भांड्याच्या काठावर कळते. ठिपके पाडून कोरलेले नाव, गाव, देणाऱ्याचे नाते आणि शक, एवढी माहिती एका घागरीवर असे. सातबाऱ्यावर जिचे नाव कधी चढले नाही अशा बाईचे नाव अनेकदा केवळ याच ठिकाणी लिहिलेले असे. पुण्यात दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारास असल्याच वस्तू, म्हणजे अडकित्ते, दिवे, वज्र्या, दौती, गोळा करायला सुरुवात केली आणि १९७५ मध्ये तो संग्रह राज्य शासनाच्या स्वाधीन केला. आज तो वीस हजारांहून अधिक वस्तूंचा आहे. 

तरी माळ्यावर एखादी कळशी सापडते. काठावरची अक्षरे अंधुक असतील तर कोरडे पीठ चोळून पुसल्यावर ती उठून दिसतात. शक मिळाल्यास त्यात ७८ मिळवावेत, म्हणजे इसवी सन निघतो. तिथी माघ किंवा फाल्गुनातली असेल, तर ७९.