अग्निशामकांचा संरक्षक पोशाख : तपासणी व निगा

ज्वाला, उष्णता व वाफ यांपासून अग्निशामकाचे रक्षण करणारा अंगरखा, विजार आणि त्यांच्या जोडीची सामग्री यांची नियमित पाहणी, धुलाई, दुरुस्ती व निर्लेखन. रायगड जिल्ह्यात रोहा-कोलाड मार्गावरील धाटाव औद्योगिक वसाहतीत रासायनिक कारखाने आणि पेण शहरात गणेशमूर्तींच्या कार्यशाळा दाटीने वसलेल्या असल्यामुळे या विषयाला येथे विशेष महत्त्व आहे.

रचना : बाहेर ॲरॅमिड तंतूंचे कापड, मध्ये जलरोधक पापुद्रा आणि आत उष्णतारोधक अस्तर. या पोशाखासाठीचे मानक : भारतीय मानक १६८९० (२०१८).

तपासणी : प्रत्येक आगीनंतर जवानाने स्वतः व वर्षातून किमान एकदा जाणकाराने पोशाख पाहावा, असा आंतरराष्ट्रीय प्रघात आहे. बाहेरचे कापड धडधाकट दिसत असतानाही मधला पापुद्रा शिवणीपाशी सुटलेला असू शकतो. म्हणून अंगरखा उलटा करून, अस्तर दिव्यासमोर धरून, त्यातील भराव कोठे विरळ झाला वा गोळा झाला आहे हे पाहतात, आणि पापुद्र्याचा तुकडा वाटीसारखा धरून त्यात पाणी व अल्कोहोल यांचे मिश्रण ओतून खालची बाजू ओलावते की काय, हे बोटाने चाचपतात. हातमोजे व बूट यांची तपासणी स्वतंत्रपणे करतात.

धुलाई : काजळी हा पराक्रमाचा शिक्का मानण्याची जुनी समजूत घातक होय. काजळीतील द्रव्ये त्वचेवाटे शरीरात जातात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ साली अग्निशामकाचा व्यवसायच कर्करोगकारक ठरविला. धुण्याचे पाणी ४० अंश सेल्सिअसच्या आत असावे व क्लोरीनयुक्त विरंजक वर्ज्य करावे. धाटावसारख्या ठिकाणी पोशाखावर रसायन सांडले असल्यास ते कोणते, याची कारखान्याकडून खातरजमा होईपर्यंत तो बंद पिशवीत अलग ठेवावा. आगीचा पोशाख म्हणजे रसायनरोधक पोशाख नव्हे.

वाळवण : कोकणात वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि रोह्याजवळ कुंडलिका नदीच्या काठी आषाढ-श्रावणात साधे धोतरही दोन-दोन दिवस दमट राहते, तेथे तीन थरांच्या अंगरख्याची काय कथा! ओल्या अस्तरातील पाण्याची आगीत वाफ होऊन अंग भाजते, शिवाय बुरशी पापुद्रा खाते. पावसाळा सरताच घरातील गाद्या-गोधड्या कडक उन्हात टाकण्याची आपली रीत येथे मात्र लागू पडत नाही, कारण सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी ॲरॅमिड तंतू क्षीण होतात. सावलीत, थर सुटे करून, पंख्याच्या वाऱ्यावर वाळविणे हाच उपाय. अग्निशमन केंद्रात त्यासाठी स्वतंत्र खोली व प्रत्येक जवानामागे दुसरा पोशाख यांची तरतूद असणे अत्यावश्यक होय.

मुदत : अमेरिकी मानकानुसार निर्मितीपासून १० वर्षे, काहींच्या मते वयापेक्षा अवस्था निर्णायक. बाद पोशाखाची जडसंग्रह नोंदवहीत नोंद करून तो फाडून टाकावा, अथवा ठळक खूण करून आगीविना होणाऱ्या सरावापुरताच ठेवावा.