मुंबईतील व्यापारी जागांवरील मालमत्ता कर : करयोग्य मूल्याकडून भांडवली मूल्याकडे

मुंबईच्या नागरी इतिहासात मालमत्ता कराची चर्चा प्रायः कराच्या दरांपुरती मर्यादित राहिली आहे. दुकाने, कचेऱ्या व गोदामे यांच्यासंदर्भात मात्र खरा वाद ‘मूल्य कशावरून ठरवावे’ हाच होता.

मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम १५४ नुसार, जागा वर्षाच्या कराराने दिल्यास जे भाडे वाजवीपणे अपेक्षिता येईल, त्यातून दुरुस्तीपोटी दहा टक्के वजा करून करयोग्य मूल्य निश्चित होत असे. ही कल्पना इंग्लंडमधील १८३६ च्या पॅरिश आकारणी कायद्यातून आलेली होती. मालक स्वतःच पेढीवर बसत असला तरी आकारणीसाठी एक काल्पनिक भाडेकरू गृहीत धरला जाई.

ही व्यवस्था खुल्या भाडेबाजारावर विसंबून होती. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने तो आधारच काढून घेतला. हा कायदा व्यापारी जागांनाही लागू होता आणि त्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे ‘प्रमाण भाडे’ म्हणून गोठविले. कायद्याने अधिक भाडे घेता येत नसेल, तर त्याची ‘वाजवी अपेक्षा’ कशी करावयाची? सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये कलकत्ता महापालिकेच्या खटल्यात प्रमाण भाडे हीच कमाल मर्यादा ठरविली. १९७९ च्या दिवाण दौलतराय कपूर खटल्यात हे तत्त्व मालकाच्या स्वतःच्या वापरातील इमारतींनाही लावले. तर्कदृष्ट्या हा निर्णय निर्दोष होता; महापालिकांच्या तिजोरीस मात्र तो महाग पडला.

त्यातून विलक्षण विषमता निर्माण झाली. काळबादेवीतील जुन्या गाळ्याची आकारणी मुख्यतः चाळीस सालच्या भाड्यावर, तर नव्या इमारतीतील तेवढ्याच गाळ्याची प्रथम ठरलेल्या भाड्यावर होई. जुना गाळा हस्तांतरित होताना घेतली जाणारी पागडी बेकायदेशीर असल्याने आकारणीच्या नोंदवहीत कधी उतरलीच नाही. तिला वैधता मिळाली ती महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मुळे.

१ एप्रिल २०१० पासून भांडवली मूल्याधारित पद्धती लागू झाली. शीघ्र सिद्धगणकातील दर व क्षेत्रफळ यांना वापर, बांधकामाचा प्रकार व वय यांचे भारांक जोडले गेले. जमिनीचे मूल्य भावी बांधकामक्षमतेवरून काढणारे नियम मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये रद्द केले आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तो निर्णय कायम ठेवला. दरम्यान १ जुलै २०१७ पासून जकात संपुष्टात आल्याने या कराचे महत्त्व वाढले होते. १ जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतची निवासी घरे करमुक्त झाली. दुकान त्याहून कितीही लहान असले तरी त्यास ही सवलत देण्यात आली नाही.