तण ओळखावे ते दोन पानांवर असताना

खरिपाची पेरणी उरकली आणि पाऊस वेळेवर आला की आठवड्याभरात ओळींमधली जमीन हिरवी दिसू लागते. पीक आणि तण जवळजवळ एकाच वेळी उगवतात. सोयाबीन, कापूस, भुईमूग यांसारख्या पिकांत पेरणीनंतरचे पहिले ३० ते ४५ दिवस निर्णायक असतात. या काळात तणाने जे नुकसान केले ते पुढे रान कितीही स्वच्छ ठेवले तरी भरून येत नाही. म्हणून तणाची ओळख ते दोन ते चार पानांवर असतानाच पटायला हवी.

अडचण अशी की वनस्पती ओळखण्याची शास्त्रीय परंपरा फुलावर उभी आहे. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्यातील वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला. अशा ग्रंथाच्या आधारे गवत ओळखायचे तर हातात कणीस लागते. शेतकऱ्यांसाठीच्या पुस्तिकांतही बहुधा फुलोऱ्यातल्या झाडांचीच चित्रे असतात. ही मोठी उणीव आहे असे माझे स्पष्ट मत आहे. कणीस दिसेपर्यंत खत, ओल आणि उजेड यांतला वाटा तणाने कधीच उचललेला असतो, आणि थोड्याच दिवसांत त्याचे बी रानात गळू लागते.

रोपावस्थेत पानाच्या रुंदीवर विसंबून चालत नाही. आधी बुंधा बोटांत धरून फिरवावा. गवताचा बुंधा गोल किंवा चपटा लागतो, पाने समोरासमोरच्या दोन रांगांत निघतात आणि पानाचा खालचा भाग खोडाला गुंडाळलेला असतो. हे आवरण बहुधा एका बाजूने उभे उघडे राहते. लव्हाळ्याच्या बुंध्याला तीन कडा जाणवतात, पाने तीन रांगांत असतात आणि आवरण सगळीकडून बंद नळीसारखे असते. पुढे त्याला दांडा येतो तोही भरीव, तिकोनी आणि बिनपेराचा. लव्हाळ्याला बोलताना गवत म्हटले तरी तो गवताच्या कुळातला नाही, आणि केवळ गवतांवर चालणारी तणनाशके त्याला मारत नाहीत.

गवतागवतांतला फरक पानाच्या सांध्यावर दिसतो. पान खोडापासून बाहेर वळते त्या जागी आतल्या बाजूला बहुतेक गवतांत एक पातळ पडदा किंवा केसांची झालर असते. तिला जिव्हिका म्हणतात. हरळीत ती बारीक पांढऱ्या केसांची असते, तर नाचणीच्या शेतात नाचणीसारखेच दिसणाऱ्या एल्युसिने इंडिका या गवतात आखूड पडद्याची. याच गवताचा बुंधा चांगलाच चपटा आणि तळाशी पांढरट असतो.

या सांध्याचा सर्वांत मोठा उपयोग भातात होतो. पाखड, म्हणजे एकिनोक्लोआ, रोपवाटिकेत भातासारखेच दिसते. लावणीच्या घाईत ते रोपांच्या मुठीतून खाचरात जाते आणि चुडात भाताबरोबर उभे राहते. मग बेणणी करणाऱ्यालाही ते उपटायचा धीर होत नाही. अशा वेळी एक पान हलकेच मागे ओढून पाहावे. भाताच्या सांध्यावर टोकाशी दुभंगलेली लांब पारदर्शक जिव्हिका दिसते, आणि दोन्ही बाजूंनी खोडाला कवेत घेणारे केसाळ, कोयत्यासारखे वळलेले कान. पाखडाचा सांधा कोरा असतो, तिथे जीभही नाही आणि कानही नाहीत. नजर बसली की ही खूण क्षणात कळते. रानभाताला मात्र ही कसोटी लागू पडत नाही. तो भाताचाच सगोत्र असल्याने त्याला जीभही असते आणि कानही. त्याची ओळख पुढे लांब कुसांवरून आणि पिकण्याआधीच गळणाऱ्या दाण्यांवरून पटते.

गवत आणि रुंद पानाचे तण यांतला फरक खुरपणीच्या दृष्टीनेही महत्त्वाचा आहे. कोवळ्या गवताचा वाढबिंदू जमिनीलगत किंवा किंचित खाली, आवरणांच्या आत दडलेला असतो. वरून कापले तर ते पुन्हा फुटते. द्विदल रोपाचा वाढबिंदू उघड्यावर, दोन बीजपत्रांच्या मध्ये असतो. कोळप्याची पास बीजपत्रांच्या खालून गेली की बियापासून आलेले बहुतेक द्विदल रोप संपते. लव्हाळ्याचे तिसरेच आहे. वरची पात उपटली की ती बुडाशी तुटते, आणि खाली काळसर तपकिरी गाठींची माळ तशीच राहून नवे कोंब देते.

सर्वांत जास्त घोटाळा केना करतो. त्याचे पान रुंद आणि अंडाकार असते, म्हणून तणशास्त्रात तो रुंद पानांच्या गटात धरला जातो. वनस्पतिशास्त्राप्रमाणे मात्र तो एकदल आहे. पान उजेडासमोर धरले की शिरा देठाकडून टोकाकडे समांतर गेलेल्या दिसतात, जाळी नसते. पानाचा तळ खोडाला आवरणासारखा वेढतो आणि त्या आवरणाच्या तोंडाशी तांबूस केस असतात. आपल्याकडे एकदल तण म्हणजे गवत असे सर्रास बोलले जाते. त्या समजुतीने केन्यावर क्विझॅलोफॉपसारखे फक्त गवतावरचे तणनाशक फवारले तर सोयाबीनमधले गवत मरते आणि मोकळ्या झालेल्या जागेत केना पसरतो. ग्लायफोसेटलाही तो सहजासहजी दाद देत नाही. त्याच्या निळ्या फुलांखेरीज जमिनीखाली पांढऱ्या फांद्यांवर न उमलणारी फुलेही येतात, आणि तिथेच स्वपरागणाने बी धरते. खोडाचे तुकडे ओल्या मातीवर पडले तर पेरापेरातून मुळे धरतात. म्हणून उपटलेला केना ओळीत टाकू नये, बांधाबाहेर न्यावा.

खऱ्या द्विदल तणांत बीजपत्रे पाहावीत. तांदुळजा, काटेमाठ यांची बीजपत्रे अरुंद आणि लांबट असतात, खालून बहुधा तांबूस. पुढच्या खऱ्या पानांच्या टोकाला बारीक खाच दिसते. काटेमाठाच्या पानांच्या बगलेत पुढे काट्यांची जोडी येते. घोळीची बीजपत्रे सुरुवातीपासूनच मांसल असतात. दुधीचे पान खुडले की पांढरा चीक येतो, आणि एवढी एक खूण बहुतेक वेळा पुरते. चंदनबटव्याच्या कोवळ्या पानांवर पिठूळ पांढरी भुकटी असते. ही ओळख खुरपणीला जाणाऱ्या बायकांकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे, कारण तांदुळजा, घोळ, कुरडू, केना या त्यांच्या घरच्या भाज्याही आहेत. तणांच्या प्रशिक्षणात त्यांना शिकवण्याआधी त्यांना विचारले पाहिजे.

१९५०च्या दशकात पुण्यात नोंद झालेले आणि पुढे देशभर पसरलेले गाजर गवत हेही द्विदलच. त्याची पहिली पाने फारशी कातरलेली नसतात. पुढची पाने खोलवर चिरली जातात आणि जमिनीलगत चक्रासारखी पसरतात. दांडा वर निघण्यापूर्वीच्या याच अवस्थेत, हातमोजे घालून, ते मुळासकट काढणे सोपे असते. पुढे त्याला पांढरी फुले येतात आणि एकेक झाड हजारो बिया टाकते.

शेवटी, रोप बियापासून आले की जुन्या मुळापासून, हे उकरून पाहिल्याशिवाय ओळख पुरी होत नाही. गव्हातल्या चांदवेलीचे बियाणे रुजले असेल तर टोकाला खाच असलेली, जवळजवळ चौकोनी दोन बीजपत्रे दिसतात. ती नसतील आणि मातीतून थेट खऱ्या पानांचा कोंब आला असेल, तर खाली खोल गेलेले बहुवर्षायू मूळ आहे असे समजावे. हरळी, कुंदा आणि बरू यांच्या बाबतीतही तेच: खाली काशी, म्हणजे जमिनीतले आडवे खोड, लागली तर ते रोप नव्हे, जुन्याच झाडाचा फुटवा. बियापासून आलेल्या रोपाला कोळपणीची एक पाळी पुरते. काशी किंवा मूळ असलेल्या ठिकाणी तीच पाळी तुकडे करून ओळभर पसरवते, म्हणून तेवढा भाग आधी कुदळीने खणून काशा वेचाव्यात आणि मगच औत घालावे.