टाकी आणि तेजाब

मराठीत ‘कोरणे’ हे क्रियापद फार ऐसपैस वापरले जाते. शिलालेख कोरलेला, ताम्रपट कोरलेला, आणि जुन्या इंग्रजी चित्रसंग्रहातील देखावाही तांब्यावर कोरलेला. यांतील पहिली दोन विधाने यथार्थ आहेत. तिसरे पुष्कळदा चुकीचे असते. ही चूक केवळ शब्दाची राहत नाही. बंगळूरची जी जुनी दृश्ये इतिहासग्रंथांतून पुन्हा पुन्हा छापली जातात, त्यांचे प्रामाण्य ठरविताना ती आड येते.

बंगळूरच्या मल्लेश्वरम् भागात काडु मल्लिकार्जुनाच्या देवळाजवळ १६६९ चा एक कन्नड शिलालेख आहे. शहाजीपुत्र एकोजीने देवाला मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दिल्याची ती नोंद. येथला खडक ग्रॅनाइटच्या जातीचा. त्यातील गारेला व फेल्डस्पारला शोऱ्याचे तेजाब काही करू शकत नाही. चुनखडीवर तेच तेजाब फसफसते. म्हणूनच म्यूनिकच्या झेनेफेल्डरला अठराव्या शतकाच्या अखेरीस चुनखडीच्या फरशीवर अम्लाचे प्रयोग करता आले आणि त्यांतून शिळाछाप जन्मली. काच मात्र ग्रॅनाइटच्याच गोत्रातली. तिला खाणारे हायड्रोफ्लुओरिक अम्ल शेलेने १७७१ मध्ये वर्णिले. तेव्हा एकोजीच्या लेखातील प्रत्येक अक्षर हा टाकीचा घाव आहे, आणि त्यामागे एका हाताचे बळ आहे.

अम्लरेखनात हात धातूला कापीतच नाही. तांब्याच्या पत्र्यावर मेण व राळ यांचा पातळ लेप देतात. सुईने त्या लेपावर चित्र काढतात. सुई लेप तेवढा दूर करते, तांबे उघडे पडते. मग पत्रा पातळ केलेल्या तेजाबात सोडला की उघडे तांबे विरघळू लागते, द्राव निळसर-हिरवा होतो, रेघांवर बुडबुडे धरतात आणि कारागीर ते पिसाने बाजूला सारतो. फिकट रेघा पुरेशा खोल झाल्या की पत्रा बाहेर काढून त्यांवर रोगण द्यावयाचे आणि उरलेल्या पुन्हा तेजाबाच्या स्वाधीन करावयाच्या. गडदपणा येथे जोराने येत नाही, वेळेने येतो. ॲक्वाटिंट या प्रकारात तर रेघही नसते. राळेची भुकटी पत्र्यावर पसरून उष्णतेने चिकटवितात. कणाकणांमधली तांब्याची जागा खाल्ली जाते आणि छापात जलरंगासारखी छाया उतरते. काय खोदावे यापेक्षा काय वाचवावे हाच या कलेतील खरा निर्णय होय.

२१ मार्च १७९१ रोजी कॉर्नवॉलिसच्या फौजेने बंगळूरचा किल्ला घेतला. (पुढे याच मोहिमेत हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन इंग्रजांना येऊन मिळाले, मराठ्यांची ती बाजू खरेशास्त्र्यांनी छापलेल्या पत्रांतून वाचावयास मिळते.) फौजेबरोबरच्या रॉबर्ट होमची म्हैसूर-दृश्ये १७९४ मध्ये लंडनला निघाली, ती कोरणीने कोरलेली, रेषाप्रधान आहेत. कोलब्रुकची बारा दृश्ये १७९३ ची, ॲक्वाटिंटची. १७९२ मध्ये वारलेल्या जेम्स हंटरची चित्रे तर त्याच्यामागे, १८०५ च्या सुमारास याच पद्धतीने प्रसिद्ध झाली. आपल्या चित्रांच्या छाया कशा उतरल्या हे त्याने पाहिलेच नाही.

कोलब्रुक मोजणीदार होता. पूर्वेकडून दिसणारे, सरूच्या बागेसह असलेले त्याचे बंगळूर पाहताना बांधणीचा आराखडा त्याचा म्हणून स्वीकारण्यास हरकत नाही. आकाश, ढग, झाडांखालचा काळोख यांविषयी मात्र सावध राहिले पाहिजे. ते लंडनच्या कारखान्यात, बंगळूर न पाहिलेल्या माणसाने घड्याळाकडे पाहत ठरविलेले असू शकतात. अशा दृश्यांना ‘प्रत्यक्षदर्शी पुरावा’ म्हणणारे लेखक हा भेद करीत नाहीत, आणि तोच करावयास हवा.

एकोजी १६७५ च्या सुमारास बंगळुराहून तंजावरास गेला. त्याच्या वंशातील सरफोजीने १८०३ मध्ये भोसले कुळाचा मराठी इतिहास बृहदीश्वराच्या देवळात दगडावर कोरवून घेतला. हंटरची चित्रे लंडनमध्ये प्रसिद्धीला आली ती याच सुमारास. तंजावरचा दगड आजही वाचता येतो. ॲक्वाटिंटचे कण मात्र छापखान्याच्या दाबाखाली लवकर झिजतात, आणि मागाहून काढलेल्या प्रती फिकट येतात. एखाद्या प्रतीत किल्ल्यावर दिसणारे पहाटेचे धुके बंगळूरच्या हवेतले नसून झिजल्या पत्र्याचे असावयाचे.