बाईकचा टायर घरी कसा बदलायचा?

टायर रिमवरून निघत नाही म्हणून बरेच जण लिव्हरवर जोर काढतात. खरं काम जोराचं नाहीच. टायरच्या कडेला बीड म्हणतात. त्यात स्टीलची तार असते आणि ती ताणली जात नाही. पण रिमच्या मधोमध एक खोलगट भाग असतो. जिथे लिव्हर लावाल, त्याच्या बरोबर समोरचा बीड गुडघ्याने दाबून त्या खोलगट भागात उतरवा. इकडची कड लगेच सैल पडते. बीडला साबणाचं पाणी लावा. ऑइल नको, रबर खराब होतं.

चाक काढण्याआधी मी मोबाईलवर फोटो काढून ठेवतो: स्पेसर कोणत्या बाजूला, चेन ॲडजस्टर कितव्या रेघेवर. डिस्क ब्रेक असेल तर चाक बाहेर असताना ब्रेक अजिबात दाबू नका, पिस्टन बाहेर सरकतो.

नवीन टायरवर बनावटीच्या तारखेचे 4 आकडे बघा. 2324 म्हणजे 2024 सालचा 23वा आठवडा. साइडवॉलवरचा बाण चाक पुढे फिरतं त्याच दिशेला हवा. ट्यूब घालताना तिच्यात थोडी हवा भरा, नाहीतर लिव्हरखाली चिमटते.

ट्यूबलेस मात्र मी घरी पूर्ण करत नाही. बीड रिमवर बसायला एकदम भरपूर हवा लागते, पायपंपाने ते सहसा जमत नाही. सुटं चाक पंक्चरवाल्याकडे न्यायचं. हवा भरल्यावर रिमलगतची बारीक रेघ सगळीकडे सारख्याच अंतरावर दिसली पाहिजे. कुठे आत गेलेली दिसली, तर हवा सोडून परत बसवायला सांगा.