एका घरात दोन लायब्रऱ्या

लिनक्सवर मोठं अपग्रेड करताना एक क्षण हमखास येतो. टर्मिनलवर नव्या पॅकेजांची लांबलचक यादी सरकत जाते. तिच्या आसपास एक छोटी यादी असते : 'ही पॅकेजं काढून टाकली जातील.' खाली प्रश्न असतो, पुढे जायचं का? वाय की एन? बरेच जण न वाचताच वाय दाबतात. पण त्या छोट्या यादीमागे तीसेक वर्षांचा इतिहास आहे.

फोनवर हा प्रश्न सहसा पडत नाही. अँड्रॉइडचं अ‍ॅप त्याला लागणाऱ्या बऱ्याचशा लायब्रऱ्या स्वतःच्या पिशवीत घालूनच येतं. लिनक्सची पद्धत मात्र वाड्यातल्या सामाईक नळासारखी. लायब्ररी एक, तिच्यावर चालणारे प्रोग्रॅम शेकडो. जागा वाचते, आणि सुरक्षेतलं भोक एका ठिकाणी बुजवलं की सगळ्यांचं बुजतं. पण नळ बदलायचा तर सगळ्या बिऱ्हाडांचं एकमत लागतं.

हे एकमत कसं करायचं, हा प्रश्न डेबियनपुढे सुरुवातीपासून होता. इयन मर्डॉक या विद्यार्थ्याने ऑगस्ट १९९३मध्ये डेबियनची घोषणा केली. पॅकेजं वेगवेगळ्या स्वयंसेवकांनी सांभाळायची, अशी ती रचना होती, आणि त्यातले अनेक जण एकमेकांना कधी भेटलेलेही नव्हते. म्हणून प्रत्येक पॅकेजसोबत थोडक्यात माहिती लिहिली जाऊ लागली : मला कोण लागतं, कोणाशी माझं जमत नाही, कोणाची जागा मी घेतो. आज ज्याला आपण 'पॅकेज कॉन्फ्लिक्ट' म्हणून शिव्या घालतो, ते म्हणजे कुणीतरी आधीच लिहून ठेवलेलं हे दुसरं वाक्य.

या पद्धतीची मोठी परीक्षा १९९८ साली झाली. त्या वर्षीच्या जुलैत आलेली डेबियन २.० ही आवृत्ती लिबसी-५ सोडून लिबसी-६वर गेली. लिबसी म्हणजे जवळजवळ प्रत्येक प्रोग्रॅमचा पाया. चालत्या घराचा पाया बदलायचा आणि घर पडू द्यायचं नाही, असं ते काम होतं. युक्ती साधी होती. नव्या लायब्ररीचं नाव वेगळं, फाइल वेगळी. त्यामुळे दोघी एकाच यंत्रावर नांदू शकत होत्या. जुने प्रोग्रॅम जुनीला धरून राहिले, नवे नवीकडे गेले. तरीही पॅकेजं कोणत्या क्रमाने बदलायची हे महत्त्वाचं होतंच. ज्या शेलमध्ये बसून आज्ञा देता तोही लायब्रऱ्यांवरच उभा असतो. त्यामुळे लोकांनी या अपग्रेडसाठी खास स्क्रिप्ट लिहिली होती.

पुढे पॅकेजं हजारोंनी वाढली आणि कोण राहणार, कोण जाणार हे माणसाने ठरवणं अशक्य झालं. ते काम एपीटीसारख्या साधनांकडे गेलं. २००६च्या सुमारास युरोपातल्या एडोस प्रकल्पाच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की 'हे पॅकेज बसू शकेल का?' हा प्रश्न एनपी-कम्प्लीट आहे. म्हणजे तो सुडोकूच्या जातकुळीतला आहे; प्रत्येक वेळी हमखास झटपट उत्तर देणारी रीत कुणालाच ठाऊक नाही. २००८मध्ये ओपनसुसे ११.० या आवृत्तीने तर तर्कशास्त्रातली कोडी सोडवणारं तंत्रच पॅकेजांसाठी वापरलं.

पण बरोबर उत्तर म्हणजे हवं असलेलं उत्तर नव्हे. २०२१मध्ये यूट्यूबर लायनस सेबॅस्टियन पॉप ओएसवर स्टीम बसवायला गेला. पॅकेजांच्या आवृत्त्या जुळत नव्हत्या. एपीटीने तोडगा काढला : स्टीम बसवतो, त्यासाठी डेस्कटॉप काढतो. इशारा आला. 'हो, मी सांगतो तसंच कर!' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य टाइप करायला लावलं गेलं. त्याने केलं, आणि डेस्कटॉप गेला. नियमांच्या हिशेबात काहीच चुकलं नव्हतं. पुढे एपीटीने अत्यावश्यक पॅकेजं अशी सहजी काढू नयेत, असे बदल झाले.

मग २०२४ साली १९९८पेक्षा अवघड पेच आला. ३२ बिटांच्या जुन्या यंत्रणा वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७०पासूनच्या सेकंदांत. त्यांचा आकडा १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी भरतो. पुढच्या सेकंदाला तारीख उलटून थेट १९०१मध्ये जाते. उपाय म्हणजे वेळेसाठी ६४ बिट. पण या वेळी लायब्ररीच्या फाइलचं नाव तेच राहणार होतं, फक्त आतलं माप बदलणार होतं. जुना प्रोग्रॅम चार बाइट देणार, नवी लायब्ररी आठ वाचणार, आणि कुणी तक्रारही न करता हिशेब चुकणार. दोघींना एकत्र नांदवणं शक्यच नव्हतं.

म्हणून डेबियन आणि उबुंटूने शेकडो लायब्रऱ्यांच्या पॅकेजांना 'टी६४' अशी शेपटी जोडली आणि मुद्दाम लिहिलं : जुनी असेल तर मी येणार नाही. हा संघर्ष अपघाताने झालेला नव्हता, तो मुद्दाम घातलेला होता. गुपचूप चुकण्यापेक्षा उघड अडून बसलेलं बरं, हा त्यामागचा विचार. या कामात पुढे असलेले स्टीव्ह लँगासेक १ जानेवारी २०२५ रोजी गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डेबियन १३ आली, आणि लाखो यंत्रांना आता २०३८ची सकाळ नेहमीसारखीच उजाडेल.

तेव्हा पुढच्या अपग्रेडला ती छोटी यादी वाचा. जुन्या लायब्ररीच्या जागी तिचीच 'टी६४' बहीण येत असेल, तर निर्धास्त वाय दाबा. यादीत तुमचा डेस्कटॉप दिसला, तर एन दाबा आणि चहा करून या. रेपॉझिटरीतला घोळ अनेकदा दुसऱ्या दिवशी निस्तरलेला असतो.