धुळे जेलमधल्या नोट्स

धुळ्यात कॉलेजला होतो तेव्हा माझ्या मोबाईलमध्ये फळ्याचे तीनशेहून जास्त फोटो होते. सर शिकवायचे, फळा भरायचा, आम्ही फोटो काढायचो. परीक्षेच्या आदल्या रात्री ते उघडले, तर अक्षरं दिसत होती, पण तास काही आठवेना. तो विषय बॅक राहिला.

नोट्स म्हणजे काय, ते मला याच शहराच्या इतिहासातून कळलं. १९३२ साली धुळ्याच्या जेलमध्ये विनोबा भावे गीतेवर बोलत होते. २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी एक अध्याय, असे अठरा रविवार. ऐकणाऱ्या कैद्यांत साने गुरुजी होते. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमधली मास्तरकी सोडून १९३० साली ते चळवळीत उतरले होते. विनोबा बोलत आणि गुरुजी भराभर लिहून घेत. त्या लिखाणातूनच पुढे ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झालं.

हात कितीही पळवला तरी बोलण्याच्या मागेच राहतो. त्यामुळे लिहिणाऱ्याला आधी समजून घ्यावं लागतं, मग काय धरायचं नि काय सोडायचं ते तिथल्या तिथं ठरवावं लागतं. फोटो काढताना मला यातलं काहीच करावं लागत नव्हतं.

दुसरी रीत जळगावजवळच्या आसोद्याची. तिथं जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना (१८८०–१९५१) लिहिता-वाचता येत नव्हतं. घरातलं, शेतातलं काम करता करता त्या गाणी रचत, गात. पाठांतराला त्यांच्याकडे लय होती आणि रोजचं काम होतं. मुलगा सोपानदेव यांच्यामुळे ती गाणी कागदावर राहिली आणि १९५२ साली, त्या गेल्यावर, पुस्तक आलं. खानदेशातल्या आमच्या विद्यापीठाला आज त्यांचंच नाव आहे. शाळेची पायरी न चढलेल्या बाईचं नाव आमच्या मार्कशीटवर छापलेलं असतं.

बॅक राहिलेल्या विषयासाठी मी दोन्ही रीती उसन्या घेतल्या. आधी वहीत माझ्या शब्दांत लिहायचो. मग वही मिटून रूममेटला अहिराणीत मोठ्यानं समजावून सांगायचो. जिथं अडखळलो, तेवढंच पुन्हा वाचायचं.

विषय सुटला. ते तीनशे फोटो अजून फोनमध्ये आहेत. स्टोरेज भरल्याचा मेसेज आला की आठवतात.